सार्वजनिक पैशावर चालणारा टीव्ही: भरलेले पैसे वसूल होतात का?

रानजाई

२०१५ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. ७० घरं निवडली आणि नऊ दिवस त्या घरांमध्ये बीबीसी पूर्ण बंद, टीव्ही नाही रेडिओ नाही वेबसाइट नाही. बदल्यात नऊ दिवसांची लायसन्स फी (टीव्ही बघायला तिथे घरटी भरावे लागणारे पैसे, ज्यावर बीबीसी चालते) रोख हातात दिली, ती झाली जेमतेम ३.६० पौंड. यातली ४८ घरं आधी म्हणत होती की आम्हाला बीबीसी नकोच, किंवा हवी तर कमी पैशात द्या. नऊ दिवस झाल्यावर त्या ४८ पैकी ३३ घरांनी मत फिरवलं, म्हणाले पूर्ण फी भरतो. २०२२ मध्ये पुन्हा तसाच प्रयोग केला तेव्हाही बहुतेकांचं असंच झालं.

मला यात सगळ्यात जास्त काय लागलं तर त्या लोकांना आपण रोज काय काय वापरतो हेच माहीत नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या लावलेला रेडिओ, हवामान बघायला उघडलेलं पान, पोरांना लावून दिलेलं कार्टून, हे त्यांच्या हिशोबात धरलेलंच नव्हतं. वीज गेल्यावर कळतं ना घरात किती गोष्टी विजेवर आहेत, तसं.

आता फी किती ते पण सांगते. ब्रिटनमध्ये २०२५-२६ साली वर्षाला १७४.५० पौंड होती, म्हणजे दिवसाला साधारण ४८ पेन्स, आणि ती घरटी, माणशी नाही. जर्मनीत घरटी महिन्याला १८.३६ युरो, आणि तिथे २०१३ पासून घरात टीव्ही असो नसो द्यावेच लागतात. जपानमध्ये एनएचकेने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, ऑक्टोबर २०२३ मध्ये फी १० टक्के उतरवली, आता साध्या जोडणीला महिना १,१०० येन. रक्कम फार मोठी नाही पण सक्तीची आहे, म्हणून वसूल होते का हा प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

लोक हिशोब असा करतात की मी एवढे पैसे दिले, मी एवढे तास बघितलं, तासाला किती पडले. स्ट्रीमिंगच्या वर्गणीला हा हिशोब बरोबर, कारण तिथे मी फक्त माझ्यासाठी विकत घेते. पण सार्वजनिक टीव्हीला तो लावला की उत्तर चुकतंच. रस्त्यावरच्या दिव्याचा हिशोब मी रात्री किती वेळा बाहेर पडले यावर कोण करतं?

माझं मत सरळ सांगते. नीट चालवला तर हा सौदा स्वस्तातला आहे. आणि तो फायद्याचा आहे की नाही हे तपासायचं तर ज्या प्रेक्षकाकडून कुणालाच नफा मिळत नाही त्याला काय मिळतंय ते बघावं. लहान मुलं, ऐकू न येणारे, छोटी भाषा बोलणारे, जिथे केबल पोचत नाही तिथले लोक. "नीट चालवला तर" यात बरंच काही आलं हे मला कळतं, म्हणूनच तुमची मतं हवीत, विरोधातली तर नक्कीच.

निशाचर२

विरोधातलं माझं घ्या.

एक तर तो प्रयोग बीबीसीनेच करून घेतलेला होता. आणि नऊ दिवस म्हणजे काय हो, सिगारेट सोडलेल्या माणसाला नवव्या दिवशी विचारलं की परत हवी का तर तो काय सांगेल? सहा महिन्यांनी विचारा, तोवर माणूस दुसरी सोय लावतो. त्या ३३ घरांना गरज होती की नुसती सवय होती हे त्या प्रयोगातून कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ब्रिटनमध्ये तुम्ही बीबीसी एक मिनिट बघत नसाल, फक्त खासगी चॅनेल लाइव्ह बघत असाल तरी लायसन्स लागतं. नसेल तर तो फौजदारी गुन्हा, दंड १,००० पौंडांपर्यंत. आणि शिक्षा कुणाला होते? दोषी ठरणाऱ्यांत दर चारांमागे जवळपास तीन बायका. त्या जास्त चुकवतात म्हणून नाही, दारावर तपासणीचा माणूस येतो तेव्हा घरात असते ती दार उघडते आणि तिचं नाव कागदावर जातं, एकटीने घर चालवणारीही तीच. ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना आधी लायसन्स फुकट होतं, ते २०२० मध्ये काढलं, आता फक्त पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्या गरीब म्हाताऱ्यांना. रानजाई, तुम्ही म्हणता ज्याच्याकडून नफा मिळत नाही त्याला काय मिळतं ते बघा. मी म्हणतो ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याच्याकडून काय घेतलं जातं ते पण बघा. कोट्यधीश आणि दोन पोरांची एकटी आई, दोघांना तीच फी.

शतपावली

निशाचर२ यांच्याशी अर्धा सहमत. पण इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत, टीव्ही पैशाच्या मोलाचा आहे का हा एक, आणि पैसे गोळा कसे करायचे हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच देशांनी बदललंय. फिनलंडने २०१३ पासून उत्पन्नाप्रमाणे कर लावला आणि त्याला कमाल मर्यादा ठेवली, कमी कमावणाऱ्याला तो लागतच नाही. स्वीडनने २०१९ मध्ये लायसन्स काढून करपात्र उत्पन्नाच्या १ टक्का केला, त्यालाही वरची मर्यादा. नॉर्वेने २०२० मध्ये सोडलं. फ्रान्समध्ये १३८ युरोची फी होती ती २०२२ मध्ये रद्द झाली आणि व्हॅटमधून पैसे द्यायला लागले. ऑस्ट्रेलियाने तर १९७४ मध्येच लायसन्स बंद केलं होतं. म्हणजे दारावर माणूस पाठवणं ही काही सार्वजनिक टीव्हीची अट नाही.

गोष्टवेल्हाळ

पण शतपावली, थेट सरकारी तिजोरीतून पैसे यायला लागले की एका सहीने ते बंदही होतात, याचं काय?

अमेरिकेचं बघा. १ मे १९६९ ला सिनेटच्या समितीसमोर मुलांच्या कार्यक्रमाचे फ्रेड रॉजर्स बोलायला उभे राहिले. सार्वजनिक प्रसारणाचे २ कोटी डॉलर निम्मे करायचं चाललं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की मुलाला राग आला तर त्या रागाचं काय करायचं हे आम्ही शिकवतो, आणि समितीचे अध्यक्ष म्हणाले की तुम्ही हे २ कोटी मिळवलेत. मी ती चित्रफीत कितीदा बघितलीय, दर वेळी डोळे भरून येतात. आणि त्याच देशात जुलै २०२५ मध्ये संसदेने आधी मंजूर केलेले दोन वर्षांचे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले, लगेच १ ऑगस्टला हे पैसे स्टेशनांना वाटणाऱ्या महामंडळाने काम आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं. माणशी वर्षाला दोन डॉलरसुद्धा पडत नव्हते हो! मोठ्या शहरातली स्टेशनं देणग्यांवर तगून जातील, पण खेड्यापाड्यांतल्या छोट्या स्टेशनांचा मोठा आधारच हा पैसा होता.

टॉवरवाला

बरीच वर्षं ट्रान्समीटरवर काम केलंय त्यामुळे मी त्या बाजूने बोलतो. तिथे एक गोष्ट रोज डोळ्यासमोर असायची. आमच्या टॉवरच्या टप्प्यात एक हजार घरं असोत की एक लाख, वीज तेवढीच, माणसं तेवढीच, देखभाल तेवढीच. आणखी एका घराने अँटेना लावली तर आमचा खर्च एक पैशाने वाढत नाही. मग त्या एका घराला पैसे दिले नाहीत म्हणून बाहेर ठेवण्यात कुणाचा फायदा? सगळ्यांनी मिळून थोडे थोडे भरायचे आणि सगळ्यांना मोकळं ठेवायचं हीच अशा गोष्टीची सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. हे पोटतिडकीने सांगतोय कारण पडद्यावरच्या कार्यक्रमाबद्दल सगळे बोलतात, त्याच्यामागच्या टॉवरबद्दल कुणी बोलत नाही.

दुसरं म्हणजे आणीबाणी. १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो भागात मोठा भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा आला. एनएचकेच्या निवेदिकेने नेहमीचा संथ सूर सोडला आणि जवळजवळ ओरडून सांगितलं, आत्ताच्या आत्ता पळा, २०११ चा भूकंप आठवा. हे तिला त्या क्षणी सुचलं असं नाही. २०११ मध्ये शांत आवाजात इशारे दिले आणि लोक थांबून राहिले, म्हणून नंतर बोलायची पद्धतच बदलली. वाक्यं छोटी केली, विनंतीच्या जागी हुकूम आणला, पडद्यावर मोठ्या अक्षरांत आणि लहान मुलांना वाचता येईल अशा लिपीत लिहायचं ठरवलं. पुन्हा कधी लागेल हे माहीत नसताना, एकही जाहिरातदार त्यासाठी पैसे देत नसताना, वर्षानुवर्षं सराव करत राहायचा. याचा तासाला दर कसा काढणार?

मोबाइलवर अलर्ट येतो हे मला माहितीये. पण भूकंपात मोबाइलचे टॉवर बंद पडतात, बॅटरी संपते, नेटवर्क तुंबतं. एका उंच जागेवरून सगळीकडे एकदम फेकलेला सिग्नल कितीही लोकांनी घेतला तरी तुंबत नाही. डिझेल जनरेटरचा आवाज कानात घेऊन मी रात्री काढल्यात, त्यामुळे या मुद्द्यावर मी थोडा हट्टी आहे.

निशाचर२

टॉवरवाला दादा, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे आणि आणीबाणीच्या इशाऱ्यांना माझा विरोध नाहीच. पण मग तेवढ्याचेच पैसे घ्या ना. इशारे, बातम्या, मुलांचे कार्यक्रम, शिक्षण एवढं सार्वजनिक ठेवा. नाचगाण्याच्या स्पर्धा आणि प्रश्नमंजुषा कशाला? त्या खासगीवाले करतातच, आणि सक्तीचे पैसे न घेता करतात. बीबीसीच्या लायसन्समधून वर्षाला ३.८ अब्ज पौंडांच्या आसपास जमतात, एवढं सगळं इशाऱ्यांना लागतं का?

रानजाई

निशाचर२, हा मुद्दा चांगला आहे आणि मी त्यावर बराच विचार केलाय.

फक्त "गरजेचं तेवढंच" दाखवणारा चॅनेल काढला तर तो कोण लावेल? त्या निवेदिकेचं ऐकून लोक पळाले कारण काहीही झालं की एनएचके लावायची त्यांना सवय आहे, आणि ती सवय गाण्याच्या कार्यक्रमांनी, मालिकांनी, खेळांनी लागलीय. रोज ज्याच्याशी बोलणं होतं त्याच्या हाकेला आपण ओ देतो. वर्षातून एकदा येणाऱ्याचा आवाज आपल्याला ओळखू येत नाही.

आणि सगळे भरतात तर सगळ्यांना काहीतरी मिळायला हवं. फक्त गंभीर कार्यक्रम ठेवले तर शिकल्यासवरलेल्यांच्या आवडीसाठी कष्टकऱ्यांनी पैसे द्यायचे असं होईल. तो अन्याय मला तुमच्या त्या एकट्या आईवरच्या अन्यायाइतकाच मोठा वाटतो.

स्वित्झर्लंडमध्ये लोकांनाच थेट विचारलं होतं. ४ मार्च २०१८ ला फी पूर्ण रद्द करावी का यावर सार्वमत झालं. तेव्हा वर्षाला ४५१ फ्रँक होते, जगातल्या सगळ्यात महागांपैकी. तरी ७१.६ टक्के लोकांनी रद्द करायला नकार दिला. पण सरकार "चाललंय ते ठीक" म्हणून थांबलं नाही, २०१९ पासून ३६५ आणि २०२१ पासून ३३५ फ्रँक केले, आणि २०२९ पर्यंत ३०० करायचं ठरवलंय. मला ही पद्धत पटते, संस्था ठेवा पण तिला काटकसर करायला लावा.

ओळख_नको

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या सासऱ्यांना गेली बरीच वर्षं ऐकू येत नाही. टीव्हीवर खाली अक्षरं येतात तेवढाच त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध, कारण घरातले आम्ही सगळे घाईत बोलतो आणि त्यांना ओठ वाचता येत नाहीत. एका खासगी सेवेचे पैसे आम्ही दोन वर्षं भरले, तिथे निम्म्या कार्यक्रमांना सबटायटल्स नव्हती आणि लाइव्ह बातम्यांना तर अजिबात नाहीत. तक्रार केली तर उत्तर आलं की मागणी पुरेशी नाही. मागणी पुरेशी नाही हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

बीबीसीने २००८ पासून आपल्या मुख्य चॅनेल्सवरच्या शंभर टक्के कार्यक्रमांना सबटायटल्स द्यायला सुरुवात केली असं वाचलंय. मुळात टीव्हीच्या पडद्यावर मजकूर पाठवायची सीफॅक्स सेवाही त्यांनीच १९७४ मध्ये सुरू केली होती आणि सबटायटल्स त्यातूनच आली. मला पैशाचं फार कळत नाही. पण रानजाई ताईंनी जे लिहिलंय, ज्याच्याकडून नफा नाही त्याला काय मिळतं, ते आमच्या घरात बसलेलं आहे म्हणून लिहावंसं वाटलं.

शतपावली

ओळख_नको, लिहिलंत हे फार बरं केलंत.

गोष्टवेल्हाळ यांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. एका सहीने सगळं बंद होणं खरंच घडतं, ग्रीसमध्ये ११ जून २०१३ ला सरकारने सार्वजनिक टीव्ही बंद करायची घोषणा केली आणि त्याच रात्री पडदा काळा. दोन हजारांवर माणसं घरी. जून २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला पण मधली दोन वर्षं गेलीच.

यावर जर्मनीची व्यवस्था बघण्यासारखी आहे. तिथे किती पैसे लागतात ते तज्ज्ञांचा एक स्वतंत्र आयोग तपासतो, त्याला केईएफ म्हणतात. चॅनेलवाले मागतात, आयोग कापतो, आणि मग सगळ्या १६ राज्यांनी मान्यता द्यायची. २०२० च्या शेवटी एका राज्याने, सॅक्सनी-अनहाल्टने, ८६ सेंटची वाढ अडवली. प्रकरण तिथल्या घटनात्मक न्यायालयाकडे गेलं आणि २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की एकट्या राज्याला हे असं अडवता येणार नाही, प्रसारणाचं स्वातंत्र्य म्हणजे त्याला पुरेसे पैसे मिळणंही आलं. १७.५० चे १८.३६ झाले. महिन्याच्या ८६ सेंटसाठी एवढं कशाला असं वाटेल, पण राजकारणी लोकांना पैशाचा नळ हातात मिळाला की बातमीचा नळही मिळतो, हे त्या कोर्टाने ओळखलं.

काळी_चार

सगळे युरोप जपानचं बोलताय, मग दूरदर्शनकडेही तितक्याच प्रामाणिकपणे बघायला हवं.

१५ सप्टेंबर १९५९ ला सुरुवात. स्वायत्तता द्यायचा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये झाला आणि प्रत्यक्ष महामंडळ यायला नोव्हेंबर १९९७ उजाडलं. सात वर्षं कायदा कागदावर. आजही पगाराचा मोठा भार सरकारी अनुदानावर आहे, त्यामुळे रानजाई म्हणतात ती "नीट चालवला तर" ही अट इथेच सगळ्यात जास्त लागू होते. २०१४ मध्ये सॅम पित्रोदा समितीने जास्त स्वायत्तता द्या असं सांगितलं होतं. माझ्या मते ज्या बातम्यांवर सगळ्यांचा विश्वास नाही त्यांची किंमत कितीही कमी असली तरी त्या महागच. पैशाचं मोल काढताना कार्यक्रम मोजण्याआधी स्वातंत्र्य मोजा.

पण दुसरी बाजूही सांगतो. फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालं, एकदा डिश आणि बॉक्स घेतला की महिन्याला काही द्यायचं नाही. कोट्यवधी घरं त्यावर आहेत. आणि खासगी चॅनेल्स त्यावर जागा मिळावी म्हणून लिलावात बोली लावतात, म्हणजे गरीब प्रेक्षकाला फुकट आणि पैसे चॅनेलकडून. शिवाय २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावाच लागतो, उत्पन्न ७५:२५ वाटून. म्हणून ज्याच्याकडे वर्गणीचे पैसे नाहीत तोही तो सामना बघू शकतो. बातम्यांत कमी आणि पोचण्यात जास्त गुण देईन मी.

गोष्टवेल्हाळ

काळी_चार, "पोचण्यात" हा शब्द आवडला. +१

निशाचर२

वाचतोय सगळं. ओळख_नको यांचं वाचल्यावर थोडा वेळ लिहिलंच नाही.

माझं म्हणणं आता असं आहे. संस्था नकोच असं मी म्हणणार नाही. पण पैसे सक्तीने घेणाऱ्याने हिशोब उघडा ठेवलाच पाहिजे. बीबीसीला २०१७ मध्ये १,५०,००० पौंडांहून जास्त घेणाऱ्या कलाकारांची नावं आणि रकमा जाहीर कराव्या लागल्या, तेव्हाच बायका आणि पुरुषांच्या पगारातला फरक लोकांसमोर आला. सक्ती नसती तर ते कधी कळलं नसतं. २०२२ मध्ये जर्मनीत एका सार्वजनिक वाहिनीच्या प्रमुखांना खर्चाच्या आरोपांवरून जावं लागलं. असं सगळं बाहेर यायलाच हवं.

आणि टॉवरवाला दादा, वर्गणी का नको हे मला अजून कळलं नाही. ज्याला हवं तो भरेल.

टॉवरवाला

तांत्रिक कारण आधी. ब्रिटनमध्ये अँटेनावर जे फुकट चॅनेल दिसतात त्या टीव्हींमध्ये कार्ड घालून कुलूप लावायची सोयच बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे वर्गणी करायची तर लाखो घरांत नवा बॉक्स द्यावा लागेल किंवा सगळ्यांना इंटरनेटवर ढकलावं लागेल. आणि इंटरनेटचे पैसे वेगळेच.

दुसरं कारण मी वर सांगितलंय तेच. बाहेर ठेवलेल्या घरामुळे खर्च वाचत नाही. उलट भरणारे कमी झाले की प्रत्येकाचा वाटा वाढतो, वाटा वाढला की आणखी काही सोडून जातात, आणि शेवटी ज्यांना परवडतं त्यांच्याच आवडीचे कार्यक्रम राहतात. मग सबटायटल्सला मागणी पुरेशी नाही हे उत्तर परत येतं.

निशाचर२

रानजाई, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये छोट्या भाषांचं म्हणाला होतात, त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. एखादं नीट उदाहरण आहे का?

रानजाई

आहे, वेल्श, ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा. आधी वेल्श भाषेतले कार्यक्रम इंग्रजी चॅनेल्समध्येच मधेमधे टाकायचे, त्यामुळे इंग्रजीवाले वैतागायचे आणि वेल्शवाल्यांना अपुरं पडायचं. स्वतंत्र चॅनेल देऊ म्हणून १९७९ मध्ये वचन दिलं आणि सरकारने ते फिरवलं. १९८० मध्ये ग्विनफोर एव्हान्स या नेत्याने प्राणांतिक उपोषणाची घोषणा केली, लोकांनी लायसन्स फी भरायची नाकारली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकार नमलं. १ नोव्हेंबर १९८२ ला एसफोरसी हा वेल्श चॅनेल सुरू झाला. फी भरायला नकार देणारे ते लोक पैसे वाचवत नव्हते, आमच्या भाषेत द्या मग भरतो म्हणत होते.

२०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलता येणारे साधारण ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के. एवढ्या प्रेक्षकांसाठी जाहिरातींवर दिवसभराचा चॅनेल कुणी चालवणार नाही, आणि वर्गणीवरही तो तगणार नाही. २०२२ पासून त्याचे सार्वजनिक पैसे पूर्णपणे लायसन्स फीमधूनच येतात. म्हणजे वेल्शचा एक शब्दही न कळणारा माणूसही त्यासाठी थोडे पैसे देतो, आणि वेल्समधल्या एखाद्या मुलाला कार्टून त्याच्या आईच्या भाषेत बघायला मिळतं. माझ्या फीमधले काही पेन्स असे जात असते तर मी ते आनंदाने दिले असते.

निशाचर२

हे मान्य. फी मात्र उत्पन्नाप्रमाणेच हवी आणि न भरण्याला फौजदारी नको, तिथून मी हलणार नाही.

रानजाई

त्यात मी तुमच्या बाजूनेच आहे.